अकरा टक्के

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये माझ्या नावावर एक तिकीट आलं. काम अगदी साधं होतं. अपघात नोंदवायच्या फॉर्ममध्ये ‘इजा झालेला अवयव’ नावाचा ड्रॉपडाउन भरायचा आणि प्रत्येक अवयवासमोर कायद्याने ठरवलेली टक्केवारी टाकायची. अंदाज दिला होता अर्ध्या दिवसाचा. मी म्हटलं, दोन तासांत उरकतो.

टक्केवारी म्हणजे कमाई करण्याची क्षमता किती कमी झाली त्याचा आकडा. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३चा. त्याच्या परिशिष्टात हा तक्ता होता. अंगठा गेला तर ३०. एका हाताची चार बोटं गेली तर ५०. तर्जनी पूर्ण गेली तर १४. करंगळी किंवा अनामिका पूर्ण गेली तर ७. बोटाचं नुसतं टोक गेलं, हाड शाबूत राहिलं, तर त्याचाही वेगळा आकडा. कोणीतरी बसून हे ठरवलंय, पेरापेराने. प्रोग्रामरच्या नजरेला हा फार सुबक तक्ता वाटतो. कुठे मोकळी जागा नाही, कुठे संदिग्ध काही नाही. मी एक्सेलमधून ओळी उचलत होतो आणि कोडमध्ये टाकत होतो.

‘तर्जनी, दोन पेरे : ११’ या ओळीवर माझा हात थांबला.

माझ्या आण्णांच्या डाव्या हाताची तर्जनी दोन पेरांपासून पुढे नाही. मी सहा वर्षांचा असताना, २००४ साली, शिरोली एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये पॉवर प्रेसखाली गेली. लहानपणी मी त्यांच्याच हातावर आकडे मोजायला शिकलो. त्या हातावर साडेचार झाले की पुढचा हात. शाळेत बाईंसमोर मी तसंच मोजलं, तेव्हा वर्ग हसला होता. मलाही त्यात काही गंभीर आहे असं वाटलं नव्हतं. आमच्या गल्लीत प्रेसवर काम करणारे आणखी तिघं होते आणि तिघांच्याही हातांना काही ना काही कमी होतं.

त्या रात्री मी घरी फोन केला. आण्णांना विचारलं, बोट गेलं तेव्हा पगार किती होता?

“कशाला पायजे आता ते?”

“सहज.”

“अठ्ठावीसशे.”

सूत्र माझ्यासमोर होतंच. महिन्याच्या पगाराचे साठ टक्के, गुणिले वयानुसारचा गुणक, गुणिले ती टक्केवारी. पस्तिसाव्या वर्षाचा गुणक १९७.०६. तीन ओळींचा कोड. एंटर दाबलं, उत्तर आलं ३६,४१६ रुपये आणि वर काही पैसे. शेडमध्ये ईएसआय नव्हतं, त्यामुळे ही रक्कम मालकाने द्यायची. मिळालं होतं ते असं: दवाखान्याचं बिल, बारा दिवसांचा पगार आणि “परत आलास की हलकं काम देतो” हे आश्वासन. हलकं काम म्हणजे त्याच प्रेसवर दुसरी डाय.

आण्णांना त्या तक्त्याबद्दल माहीत नव्हतं. मलाही अठ्ठाविसाव्या वर्षाच्या तोंडावर कळलं, तेही पगार घेऊन.

—

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, कागदावर. सांगलीच्या कॉलेजातून २०२०ला बाहेर पडलो. शेवटचं सेमिस्टर लॉकडाउनमध्ये गेलं. कॅम्पसला आलेल्या आयटी कंपनीने मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल असा भेद न करता सगळ्यांना एकाच मांडवात उचललं होतं. तीन महिने जावा शिकवलं. आमच्या बॅचचे साठातले चाळीस तरी आज कोड लिहितात आणि थर्मोडायनॅमिक्सचा विषय निघाला की हसतात. आईला कौतुक याचं की पोरगा एसीत बसतो. आण्णांना कौतुक याचं की पोरगा मशिनीजवळ जात नाही.

तीन वर्षांनी बाणेरच्या एका छोट्या कंपनीत आलो. ती कारखान्यांसाठी सुरक्षिततेचं सॉफ्टवेअर बनवते. अपघातांच्या नोंदी, तपासण्या, वर्क परमिट. परमिट म्हणजे धोक्याचं काम सुरू करण्यापूर्वीची लेखी परवानगी. टाकीत उतरायचं, उंचीवर चढायचं, वेल्डिंग करायचं, तर आधी परमिट. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना पायपर अल्फाची गोष्ट सांगतात. उत्तर समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म. ६ जुलै १९८८. दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि त्याजागी तात्पुरती चकती बसवली होती. त्याचं परमिट रात्रपाळीच्या माणसांसमोर आलंच नाही. दुसरा पंप बंद पडला, म्हणून त्यांनी हा सुरू केला. १६७ माणसं मेली. गोष्ट ऐकून आम्हा नव्या पोरांना वाटायचं की आपण जे बनवतोय त्याने माणसं वाचतात. सेल्सवाल्यांनाही तसंच वाटायचं, त्यांच्या स्लाइडवर तसं लिहिलेलं होतं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये चाकणच्या एका कारखान्यात आमची सिस्टिम सुरू करायला मी गेलो. गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनवणारा कारखाना. गेटवर सेफ्टी शूज दिले, दोन नंबर मोठे. आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती आवाज. प्रेस शॉपचा आवाज कानाला नंतर ऐकू येतो, आधी पायाला लागतो. आण्णांच्या कपड्यांना यायचा तोच वास, तेल आणि तापलेल्या पत्र्याचा. वीस वर्षांनी मी तो पुन्हा घेतला आणि बाणेरहून आलेला इंजिनिअर म्हणून उभा राहिलो, हातात टॅब घेऊन.

तिथल्या सेफ्टी ऑफिसर एक मॅडम होत्या. पन्नाशीच्या अलीकडे, केमिकल इंजिनिअर. काही वर्षं प्रॉडक्शनला काढलेली आणि मग सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमधून इंडस्ट्रियल सेफ्टीचा वर्षभराचा डिप्लोमा. नियमाप्रमाणे सेफ्टी ऑफिसरला वरिष्ठ अधिकाऱ्याचा दर्जा असतो आणि त्याच्या कामाआड येईल असं दुसरं काम त्याला द्यायचं नसतं. मॅडमकडे कँटीन, बाग आणि पाहुण्यांची हेल्मेटं हीसुद्धा खाती होती.

कँटीनबाहेरच्या मोठ्या टीव्हीवर आमचा डॅशबोर्ड लागला. सगळं हिरवं. मी फोटो काढला, ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, अंगठे आले.

मग मॅडम म्हणाल्या, “चला, एक राउंड मारू.”

चौदा नंबरच्या प्रेसवर एक मुलगा होता, बावीस-तेवीसचा, कंत्राटी. त्या प्रेसला दोन हातांची बटणं होती. दोन्ही तळहातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात डायमध्ये असूच शकत नाहीत. कल्पना साधी आणि चांगली. नव्या प्रेसमध्ये दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबावी लागतात आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावी लागतात. हा प्रेस जुना, त्याला हे कळत नव्हतं. त्या मुलाने डावं बटण सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून कायमचं दाबून ठेवलं होतं. उजव्या हाताने बटण, डाव्या हाताने पीस उचलायचा. प्रेस धाडधाड चालू.

मी लगेच टॅब काढला. माझ्याच सिस्टिमची पहिली खरी नोंद! फॉर्म उघडला. ‘मूळ कारण’ या खान्यात आधीपासून निवडलेला पर्याय होता: कामगाराचा निष्काळजीपणा. मी पुढे जाणार, तेवढ्यात मॅडमनी टॅबवर हात ठेवला.

“आधी त्याला विचारा तरी.”

विचारणार कसं, आवाजात काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी हाताने खूण करून प्रेस बंद करवला. मुलगा घाबरला. त्याला वाटलं, नोकरी गेली. मॅडमनी त्याच्याशी मराठीत सुरुवात केली, मग हिंदीत आल्या, आणि पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. तयार पीस डायला चिकटत होता. पूर्वी हवेच्या झोताने तो उडून पलीकडे पडायचा. झोताचं नोझल तीन आठवड्यांपूर्वी तुटलं होतं. दर वेळी चिमट्याने पीस काढायचा तर तासाचा आकडा भरत नव्हता. आकडा भरला नाही तर कंत्राटदार दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवतो.

“आता लिहा,” मॅडम म्हणाल्या. “पण तुमच्या फॉर्ममध्ये हे लिहायला जागा कुठे आहे?”

जागा नव्हती. ‘इतर’ होतं, अगदी खाली, स्क्रोल केल्यावर.

प्रेस चाळीस मिनिटं बंद राहिला. लाइन लीडर आला, मग प्रॉडक्शन मॅनेजर आला, मग आवाज चढले. नोझल स्टोअरमध्ये होतं, बसवायला दहा मिनिटं लागली. उरलेली तीस मिनिटं भांडणात गेली. मॅडम आवाज न चढवता एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणत राहिल्या: आधी नोझल, मग प्रेस. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये गाडी उशिरा सुटल्याचं खापर त्यांच्यावरच फुटलं. त्या मुलाची दहा बोटं शाबूत राहिली, याची नोंद मीटिंगमध्ये कोणी केली नाही. करणार तरी कशी? न घडलेल्या गोष्टीला आमच्याकडे खाना नाही.

परतीच्या बसमध्ये मी सगळ्या ग्राहकांच्या जुन्या नोंदी उघडल्या. ‘मूळ कारण’मध्ये बहुतेक ठिकाणी एकच उत्तर. कामगाराचा निष्काळजीपणा. तोपर्यंत मला वाटत होतं, कामगार निष्काळजी असतात म्हणून तसं आहे. पण तो पर्याय डिफॉल्ट होता म्हणून तो सगळीकडे होता. सुपरवायझर पाळी संपताना घाईत फॉर्म भरतो. जो खाना आधीच भरलेला आहे त्याला तो कशाला हात लावेल? आणि तो डिफॉल्ट कोणी ठेवला, हे पाहायला मी कमिट हिस्टरी उघडली. माझंच नाव. दीड वर्षापूर्वीचं. यादीतला पहिला पर्याय आपोआप निवडला जावा, एक क्लिक वाचावी, म्हणून.

—

त्यानंतर मी वाचायला लागलो. आधी ऑफिसच्या कामासाठी आणि मग रात्री, कामाशिवाय. इंजिनिअरिंगला असताना ‘इंडस्ट्रियल सेफ्टी’ हा विषय आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सवरून केला होता. त्यातला एक त्रिकोण पाठ होता, उपायांची उतरंड. सगळ्यात वर धोकाच काढून टाका. नाही जमलं तर धोकादायक वस्तू बदला. नाही तर मशिनला आडोसा, इंटरलॉक, असं काही बसवा. त्याखाली नियम, परमिट, प्रशिक्षण, पाट्या. सगळ्यात शेवटी हेल्मेट आणि हातमोजे. वरची पायरी माणसाच्या लक्षावर अवलंबून नसते, खालची पूर्णपणे असते.

माझं अख्खं ॲप चौथ्या पायरीवर होतं. खालून दुसरं. अडीचशे रुपयांचं नोझल तिसऱ्या पायरीवर.

वाचता वाचता प्रेसवर आलो. जुन्या पॉवर प्रेसमध्ये फ्लायव्हील सतत फिरत असतं. पायाने पेडल दाबलं की एक चावी, म्हणजे धातूचा लहानसा तुकडा, खाचेत बसते आणि फ्लायव्हीलला क्रँकशी जोडते. प्रेस एकदा खाली येतो, वर जातो, आणि वर गेल्यावर चावी सुटायला हवी. याला की-क्लच म्हणतात. गोम अशी की चावी एकदा बसली की पूर्ण फेरी होईपर्यंत हा प्रेस मध्ये कुठेच थांबवता येत नाही. म्हणून त्याला प्रकाशाचा पडदा लावून उपयोग नसतो. हात आत आलाय हे सेन्सरला कळेल, पण थांबवणार कोणाला? याला एक इलाज म्हणजे डायच्या तोंडाशी जाळी अशी बसवायची की पत्रा आत जाईल आणि बोट जाणार नाही.

आणि पुढे हे होतं: चावी झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली, तर ती वेळेवर सुटत नाही. पेडल न दाबता प्रेस दुसऱ्यांदा खाली येतो.

आमच्या गल्लीत याला ‘डबल मारणं’ म्हणायचे. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होतो. मला वाटायचं, ते काहीतरी नशिबासारखं असतं. साप चावतो तसा प्रेस डबल मारतो.

—

मागच्या दिवाळीत घरी गेलो. पाडव्याच्या दुपारी आण्णा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. डाव्या हाताच्या मधल्या बोटाने आणि अंगठ्याने सुपारी धरतात, अडकित्ता उजव्या हातात. मी विषय काढला. मोबाईलवर क्लचचं चित्र दाखवलं. त्यांना चित्राची गरज नव्हती. माझ्यापेक्षा त्यांना तो क्लच जास्त माहीत होता.

मी म्हटलं, “आण्णा, तुमचा प्रेस डबल मारला होता ना?”

“मारला की.”

“मग तुम्ही कायम माझीच चूक, माझीच चूक का म्हणता?”

“हात कुनाचा हुता आत? माझाच न्हवं?”

“पण पीस काढायला हात आत घालावाच लागत होता. वर गेलेला प्रेस पेडल न दाबता खाली यायला नको होता. डायला जाळी असायला हवी होती. एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या कायद्यात लिहिलंय, मशिनचा धोक्याचा भाग झाकलाच पाहिजे. ती जबाबदारी मालकाची.”

ते काही बोलले नाहीत. आई आतून चकलीचं ताट घेऊन आली होती, ती दारात थांबली.

“ते आदल्या दिवशी बोललं हुतं,” ती म्हणाली. “दोन दिस सांगत हुतं, प्रेस डबल मारतोय म्हनून. मला घरी येऊन सांगितलं हुतं. सेटरनं हातोडी मारली आन् म्हनला, चालव.”

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. ऑफिसच्या भाषेत याला नियर मिस म्हणतात. ज्यात कोणाला लागलं नाही, पण लागू शकलं असतं, अशी घटना. आम्ही ग्राहकांना सांगतो की नियर मिसच्या नोंदी वाढल्या पाहिजेत, त्यासाठी बक्षिसं ठेवा. माझ्या वडिलांनी दोन दिवस लागोपाठ नियर मिस कळवला होता. त्याला उत्तर म्हणून हातोडी मिळाली.

“आण्णा, तुम्ही सांगितलं होतं?”

“सांगितलं हुतं. पन चालवला तर मीच ना.” आणि मग बराच वेळाने, अडकित्त्याकडे बघत, “न्हाई म्हनलो असतो तर दुसरा उभा हुता.”

मी त्यांना छत्तीस हजारांबद्दल सांगणार होतो. नाही सांगितलं. एकवीस वर्षं एक माणूस स्वतःला बोल लावत जगला. ते खोटं होतं हे त्याला सांगताना मला वाटलं होतं की त्याचं ओझं उतरेल. तसं काही दिसलं नाही. उलट मी त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. स्वतःची चूक असली की निदान पुढच्या वेळी आपण सावध राहू असं म्हणता येतं. प्रेस कधीही डबल मारू शकत होता आणि आपण त्यानंतर त्याच शेडमध्ये नऊ वर्षं उभे राहिलो, हे कळून माणूस काय करणार? ते उठले आणि गोठ्याकडे गेले. आमच्याकडे आता एकच म्हैस आहे. तिला इतका वेळ लागत नाही.

—

डिफॉल्ट मी काढला होता. ते सांगायचं राहिलं. चाकणहून परतल्यावर महिनाभर भांडून ‘मूळ कारण’ रिकामं ठेवलं आणि त्यात मशिन, देखभाल, उत्पादनाचा ताण हे पर्याय वर आणले. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणाला, एक क्लिक वाढते. मी म्हटलं, वाढू दे. काही आठवडे नोंदी खरंच बदलल्या. लोक ‘देखभाल’ निवडू लागले. मग दोन ग्राहकांच्या तक्रारी आल्या. त्यांना जुनाच फॉर्म हवा होता, कारण ‘देखभाल’ निवडलं की कंपनीला काहीतरी करावं लागतं आणि ‘निष्काळजीपणा’ निवडलं की कामगाराला समज देऊन फाइल बंद करता येते. तक्रारीत असं लिहिलं नव्हतं, अर्थात. त्यात ‘वापरायला अवघड’ असं लिहिलं होतं. तोडगा निघाला: ज्या ग्राहकाला हवं त्याला डिफॉल्ट, नको त्याला नाही. एक फीचर फ्लॅग. तो फ्लॅग मीच लिहिला. पगार त्याचाच होता.

सेफ्टीत जायचं हे मी तेव्हा ठरवलं असं म्हणता येईल, पण तसं एका दिवसात काही ठरत नाही. आधी मी मॅडमना फोन करून विचारलं, तुमच्यासारखं व्हायचं तर काय करावं लागेल? त्या हसल्या. म्हणाल्या, “आधी नियम वाच.”

नियम असा. राज्याच्या नियमांप्रमाणे सेफ्टी ऑफिसर होण्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी चालते, पण तिच्याबरोबर कारखान्यात सुपरवायझर दर्जाच्या कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. त्यावर मान्यताप्राप्त इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा. आणि तिसरी अट, जी मला सगळ्यात आवडली: त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. माझ्याकडे पदवी होती आणि भाषा होती. अनुभव शून्य. कारखान्यांसाठी पावणेतीन वर्षं कोड लिहिला तो धरत नाहीत. आणि खरं सांगायचं तर धरूही नये. चौदा नंबरच्या प्रेससमोर मी काय केलं होतं? टॅब काढला होता.

इन्स्टाग्रामला माझ्या मनातलं लगेच कळलं. ‘पंधरा दिवसांत सेफ्टी ऑफिसर बना, थेट दुबई’ अशा जाहिरातींचा पाऊस सुरू झाला. ज्यांना हे वाचून आत्ता सर्च करावंसं वाटतंय त्यांना एवढंच सांगतो: नेबॉशसारखी परदेशी प्रमाणपत्रं आखाती देशांतल्या नोकऱ्यांसाठी उपयोगी पडतात, पण आपल्याकडच्या कारखान्यात कायद्याने नेमायचा सेफ्टी ऑफिसर त्यावर होत नाही. पैसे भरण्यापूर्वी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे नियम वाचा. ते रटाळ आहेत, पण जाहिरातींपेक्षा खरे आहेत.

दुसरी गोष्ट जास्त टोचली. जुन्या कायद्यात सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता तो साधारण हजार कामगारांच्या कारखान्यापासून. नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाली. तिच्यात ही मर्यादा ५०० आहे, घातक प्रक्रिया असेल तर २५०. ही सुधारणा आहेच. पण त्याच संहितेत ‘कारखाना’ म्हणायला विजेवर चालणाऱ्या ठिकाणी आता २० कामगार लागतात, पूर्वी १० लागायचे. आण्णांच्या शेडमध्ये सतरा माणसं होती. म्हणजे ती शेड आज कारखान्याच्या व्याख्येतच बसणार नाही. आस्थापना म्हणून काही तरतुदी लागू होतील, पण सेफ्टी ऑफिसर तिथे कधीच येणार नाही, मी कितीही डिप्लोमे केले तरी. बोटं जातात ती मुख्यतः अशाच शेडमध्ये, आणि करिअर आहे ते गेटवर सेफ्टी शूज मिळतात तिथे. याचं उत्तर माझ्याकडे नाही. मॅडमकडेही नव्हतं. त्या म्हणाल्या, मोठ्या कारखान्याला माल पुरवणाऱ्या छोट्या शेड असतात. मोठ्यात उभं राहून छोट्यांच्या जाळ्या तपासता येतात, मालक तेवढा ऐकणारा हवा. त्यांनी स्वतः चार पुरवठादारांकडे जाळ्या बसवून घेतल्यात. अठरा वर्षांत चार. त्यांनी हे अभिमानाने सांगितलं की कंटाळून, मला कळलं नाही.

जानेवारीत मी राजीनामा दिला. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये शिफ्ट सुपरवायझरची जागा मिळाली आहे. पगार आत्ताच्या निम्म्याहून थोडा कमी. आठवडाआड रात्रपाळी. दोन वर्षं ते, मग डिप्लोमाचं एक वर्ष. सगळं सुरळीत झालं तर एकतिसाव्या वर्षी मी अशा पदावर नव्याने उभा असेन ज्याच्याबद्दल माझा रूममेट म्हणतो, “म्हणजे ‘हेल्मेट घाला, हेल्मेट घाला’ ओरडणारा तो माणूस?” बॅचच्या ग्रुपवर एकाने रडणारी इमोजी टाकली, एकाने ‘भाई, एआयने नोकरी खाल्ली का?’ विचारलं. बहिणीच्या लग्नाचं काय, हे आईने विचारलं. तिचं बरोबर आहे. मी एक्सेल शीट केली आहे. ती जुळते, पण त्यात आजारपण धरलेलं नाही.

आण्णा पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा एकदाच बोलले, फोनवर, आवाज चढवून. “त्यातनं भाईर काढायसाठी तुला शिकिवला. मी हिकडं बोट दिलं आन् तू पुन्यासनं उलटा चालत तिथंच जातोयस व्हय?” मी काही समजावायच्या फंदात पडलो नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

मागच्या रविवारी घरी होतो. नव्या कारखान्यात मेडिकलसाठी जाऊन आलो होतो, एचआरच्या माणसाने शॉपमधून एक चक्करही मारू दिली. जेवताना आण्णा खाली बघून म्हणाले, “फुल भायांचा शर्ट घालायचा न्हाई. बोटात अंगठी नको.”

“नाही घालणार.”

“प्रेस किती हायत?”

“अकरा.”

“एअर क्लच का चावीचं?”

“नऊ एअरचे. दोन चावीचे आहेत, मागच्या भिंतीला. छोटे.”

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

“जाळी हाय त्यास्नी?”

“एकाला आहे. दुसऱ्याची काढून बाजूला ठेवलेली दिसली.”

“मोठा पीस असंल. जाळीत बसत नसंल, म्हनून काढली असंल.” थोडा वेळ ते नुसते बसून राहिले. मग म्हणाले, “पयल्या दिवशी गेलास की सायबाला भेटायच्या आधी त्या प्रेसवाल्याकडं जा. डबल मारतोय का, इचार. तो न्हाई म्हनंल. दुसऱ्या दिवशी परत इचार.”